बूट घालून धावणारी गाडी

बाबांचा फोन येतो तेव्हा तिकडे रात्रीचे साडेअकरा झालेले असतात, इकडे सहा नाहीतर सात, घड्याळं पुढे केलीयेत की मागे त्यावर. मी त्या वेळी बहुतेक लंडनच्या दक्षिणेला, ईस्ट क्रॉयडनच्या प्लॅटफॉर्मवर असते किंवा गाडीत कुणाच्या तरी बॅगेला नाक लावून उभी. जेवलीस का वगैरे ते विचारत नाहीत, ते आईचं खातं. त्यांचा पहिला प्रश्न, "गाडी होती का वेळेवर?" आणि गाडी वेळेवर नव्हती म्हटलं की माणूस एकदम ताजातवाना होतो, कारण मग "काय झालेलं?" असं विचारता येतं.

बाबा मध्य रेल्वेत होते, कल्याणला, ओएचईमध्ये. रुळांवर जी तार असते ना, ती ज्यांच्या जिवावर वर टांगलेली असते ती माणसं. चौतीस वर्षं. लहानपणी मला वाटायचं सगळ्यांच्याच बाबांचं ऑफिस चाकांवर असतं आणि त्याला वर उचलणारा प्लॅटफॉर्म असतो, कारण मी बाबांना कामावर पाहिलं होतं ते टॉवर वॅगनच्या डोक्यावर. पावसाळ्यात डोंबिवलीला रात्री दोनला फोन वाजला की आई न विचारता चहा टाकायची. कुठेतरी तार तुटलेली असायची.

तर असा माणूस २०१२ च्या ऑक्टोबरमध्ये पहिल्यांदा माझ्याकडे आला. दुसऱ्या दिवशी मी त्यांना लंडन दाखवायला म्हणून ईस्ट क्रॉयडनला घेऊन गेले. प्लॅटफॉर्मवर पोचल्या पोचल्या त्यांनी मान वर केली. मग उजवीकडे, डावीकडे. मग माझ्याकडे बघून, "डिझेल आहेत का इथे गाड्या?"

म्हटलं नाही बाबा, इलेक्ट्रिकच आहेत.

"मग वायर कुठाय?"

मी खाली बोट दाखवलं. दोन रुळांच्या शेजारी, जरा उंचावर, पांढऱ्या चिनी मातीच्या बुटक्या इन्सुलेटरांवर ठेवलेला तिसरा रूळ. उघडा. साडेसातशे व्होल्ट डीसी. बाबा थोडे वाकले, मग दोन पावलं मागे आले आणि मला दंडाला धरून त्यांनी मलाही मागे घेतलं, जशी काही मी तिथे रोज आठ वर्षं उभी राहत नव्हते. तेवढ्यात गाडी आली आणि त्यांना बोगीला बाहेरून लावलेली, रुळावर घासत येणारी लोखंडी पट्टी दिसली. इथे तिला शू म्हणतात. मी सांगितल्यावर म्हणाले, "म्हणजे आमची गाडी डोक्यावर पेंटो घेऊन जाते आणि यांची बूट घालून." पेंटो म्हणजे गाडीच्या छतावरून वर उठून तारेला टेकणारा तो सांगाडा, पँटोग्राफ. दिवसभर मग टॉवर ब्रिज, बिग बेन सगळं बघितलं पण बोलणं बुटांबद्दलच.

आता इथे थोडा इतिहास सांगायलाच हवा, कारण बाबांना जे सगळ्यात जास्त लागलं ते इथेच आहे. लंडनच्या दक्षिणेला एकेकाळी वर तार होती! लंडन ब्रायटन अँड साउथ कोस्ट रेल्वे नावाच्या कंपनीने १९०९ मध्ये व्हिक्टोरिया ते लंडन ब्रिज लाइनवर तारा टाकल्या होत्या, ६७०० व्होल्ट एसी, त्या काळाच्या मानाने फार पुढचं काम. शेजारच्या लंडन अँड साउथ वेस्टर्नवाल्यांनी मात्र १९१५ पासून तिसरा रूळ टाकायला घेतला. मग १९२३ मध्ये सगळ्या कंपन्या चार मोठ्या गटांत कोंबल्या गेल्या, दक्षिणेला सदर्न रेल्वे तयार झाली, तिचे जनरल मॅनेजर झाले सर हर्बर्ट वॉकर, जे साउथ वेस्टर्नकडूनच आलेले. एका घरात दोन चुली कशाला म्हणून १९२६ मध्ये ठरलं की सगळीकडे तिसराच रूळ. गंमत बघा, १९२५ मध्ये, म्हणजे ज्या वर्षी फेब्रुवारीत मुंबईत व्हीटी ते कुर्ला पहिली विजेची गाडी धावली, त्याच वर्षी या ब्रायटनवाल्या तारा कूल्सडन आणि सटनपर्यंत वाढवल्या होत्या. नव्याकोऱ्या. आणि १९२९ पर्यंत सगळ्या उतरवल्या.

"उतरवल्या?" बाबा. "लागलेली तार उतरवली?" घरातलं कुणी गेल्यासारखा चेहरा.

मी वॉकरसाहेबांची बाजू घेते नेहमी. तिसरा रूळ स्वस्त होता, पटकन टाकता येत होता, पूल उंच करायला नको, बोगदे खणायला नकोत. १ जानेवारी १९३३ ला ब्रायटनपर्यंत विजेच्या गाड्या पोचल्यासुद्धा. इथे त्याला स्पार्क्स इफेक्ट म्हणतात, वीज आली की माणसं वाढतात, माणसं वाढली की त्या कमाईतून पुढची लाइन. लंडनच्या दक्षिणेला ही जी मैलोनमैल दोन मजली विटांची घरं पसरलीत, ज्यातलं एक आम्ही पंचवीस वर्षांच्या कर्जावर घेतलंय, ती बरीचशी त्या गाड्यांमागून आलेली. म्हणजे मी त्या तिसऱ्या रुळाच्याच कृपेने राहतेय. पण बाबांसमोर हे चालत नाही. ते म्हणतात स्वस्त ते स्वस्तच.

आणि त्यांचं बरोबरही आहे. व्होल्टेज कमी म्हणजे तेवढ्याच ताकदीला करंट जास्त, २५ हजार व्होल्टच्या तुलनेत तेहेतीस पट. बारा डब्यांची गाडी सुटते तेव्हा काही हजार अँपिअर ओढते. मग दर थोड्या किलोमीटरवर सबस्टेशन लागतं, जाड केबली लागतात, आणि एका टापूत फार गाड्या एकदम सुटल्या तर वीज दमते. मी २००४ मध्ये आले तेव्हा शेवटच्या स्लॅम-डोअर गाड्या चालू होत्या, दर सीटपाशी बाहेर उघडणारं दार, स्टेशन आलं की धाड धाड धाड असा दिवाळीच्या माळेसारखा आवाज, लोक गाडी थांबायच्या आधीच उतरलेले, आपल्यासारखंच. २००५ मध्ये त्या मेनलाइनवरून गेल्या आणि त्यांच्या जागी एअरकंडिशन्ड, ऑटोमॅटिक दारांच्या, जड गाड्या आल्या, तेव्हा लक्षात आलं की या नव्या सुनबाईंची भूक भागवायला घरात वीजच पुरेशी नाहीये. मग सबस्टेशनं वाढवण्याचा वेगळा मोठा खर्च. आधी गाड्या मागवायच्या आणि मग सॉकेट बघायचं.

तिसऱ्या रुळाची अजून एक खोड म्हणजे तो सलग नसतो. सांधे आले, लेव्हल क्रॉसिंग आलं, की तो थांबतो आणि पलीकडे पुन्हा सुरू होतो. लांब गाडीचा कुठला ना कुठला बूट टेकलेला असतो म्हणून ती तरून जाते, छोटी गाडी मात्र नेमकी त्या फटीत थांबली तर बसली. बूट हवेत, गाडी ढिम्म. इथले लोक म्हणतात गॅप झाली. मग दुसरी गाडी येऊन ढकलणार. बाबांना हे सांगितलं तेव्हा ते इतके हसले की आईने आतून विचारलं काय झालं म्हणून.

पण बर्फाचं हसण्यासारखं नाही. वरच्या तारेवर बर्फ धरला तरी निभावून नेता येतं, खालच्या रुळावर मात्र पातळ काचेसारखा थर बसतो आणि बुटाला लोखंडच लागत नाही. गाडी चालली तरी खालून निळ्या-पांढऱ्या ठिणग्या, अंधारात शेजारच्या घरांच्या भिंती उजळतात, पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं कुणी वेल्डिंग करतंय. म्हणून थंडीच्या रात्री रुळावर बर्फ न धरणारं औषध फासत गाड्या फिरतात, काही वेळा रिकाम्या गाड्या नुसत्या रूळ घासत ठेवायला पळवतात. तरीसुद्धा २ मार्च २०१८ ला, शुक्रवारी संध्याकाळी, ऐन गर्दीत लुइशमजवळ गाड्या अडकल्या. एक गाडी बर्फाने पुढे सरकेना, तिच्यामागे बाकीच्या. आत माणसं खच्चून भरलेली, टॉयलेट नाही, कुणी काही नीट सांगत नाही. शेवटी लोकांनी दारं उघडली आणि खाली उतरले. आता उघडा वीजप्रवाह पायाशी असताना माणसं रुळांत उतरली म्हणजे पॉवर बंद करावीच लागते, आणि पॉवर बंद केली की ज्या गाड्या अजून कशाबशा सरकत होत्या त्याही जागच्या जागी. कित्येक तास. अपघात चौकशीवाल्यांचा त्यावर अख्खा रिपोर्ट आहे. बाबा फोनवर एवढंच म्हणाले, "लोकांना सांगत राहायला पाहिजे गं. अंधारात माणूस दहा मिनिटं थांबतो, कुणी बोलत असेल तर तासभर थांबतो." दोन हजार पाचच्या जुलैतले त्यांचे दिवस आठवत असावेत, मी विचारलं नाही.

बर्फावरून निघालंच आहे तर ते प्रसिद्ध वाक्य. फेब्रुवारी १९९१, ब्रिटिश रेलच्या गाड्या बर्फाने बंद पडल्या होत्या, साहेब रेडिओवर मुलाखतीला गेले आणि म्हणाले की या वेळी बर्फाच्या प्रकारामुळे विशेष अडचण येतेय. पेपरवाल्यांनी त्याचं केलं रॉंग टाइप ऑफ स्नो. चुकीच्या जातीचा बर्फ! तीस-पस्तीस वर्षं झाली तरी इथे कुठल्याही सरकारी बहाण्याला हेच म्हणतात. पण त्या बिचाऱ्याचं खरं होतं. इंग्लंडमध्ये बर्फ पडतो तो बहुतेक ओलसर, चिकट. त्या वर्षी पडला तो कोरडा, रांगोळीसारखा भुरभुरीत, आणि मोटरी गार ठेवायला जी हवा आत ओढतात तिच्याबरोबर तो आत गेला, आत वितळला, मोटरी शॉर्ट. बाबांना जेव्हा मी हे सांगितलं तेव्हा हसतील असं वाटलं होतं, ते गंभीर होऊन म्हणाले, "आपल्याकडे पाणी मोटरीपर्यंत चढलं की तेच होतं की." पेपरवाल्यांना कळलं नाही ते कल्याणच्या माणसाला एका वाक्यात कळलं.

पानांचं मात्र त्यांना अजून पटत नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरात इथे अनाउन्समेंट होते, लीव्ह्ज ऑन द लाइन, म्हणून उशीर. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा त्यांनी मला दोनदा विचारलं, "झाड पडलंय?" नाही, पानं. "फांद्या?" नाही बाबा, पानं, सुटी पानं. त्यांनी समोर उभ्या चारशे टनांच्या गाडीकडे बघितलं, मग प्लॅटफॉर्मवर पडलेल्या एका पिवळ्या पानाकडे. झालं काय तर ओली पानं चाकांखाली चिरडून रुळावर काळा, कडक, बुळबुळीत लेप बसतो, चाकं सुटताना नुसती गरगरतात आणि ब्रेक मारला की घसरतात. शिवाय तो लेप विजेला अडवतो, म्हणून सिग्नलला कधीकधी कळतच नाही की इथे गाडी उभी आहे. जुन्या गाड्यांचे ब्रेक चाकाच्या कडेवरच घासायचे, त्यामुळे चाक आपोआप खरवडून साफ व्हायचं, नव्या डिस्क ब्रेकांनी ते बंद झालं. आणि वाफेच्या काळात ठिणग्यांनी आगी लागू नयेत म्हणून रुळांकडेची झाडी छाटून ठेवायचे, नंतर तिथे रान माजलं. सुधारणा झाली की मागच्या दाराने एक नवा त्रास आत येतो तो असा. आता प्रेशरने पाणी मारत, वाळूची पेस्ट सोडत खास गाड्या फिरतात आणि काही लाइनींवर शरद ऋतूचं वेगळं टाइमटेबल असतं, गाड्या दोन-तीन मिनिटं आधीच सोडतात.

बाबांच्या मते हा सगळा दक्षिणेच्या बुटांचा दोष, तार असलेल्या बाजूला सगळं झकास असणार. म्हणून त्यांना मुद्दाम किंग्ज क्रॉसवरून यॉर्कला नेलं. ईस्ट कोस्ट मेनलाइन, २५ हजार व्होल्ट, अगदी आपल्यासारखं. लंडनच्या बाहेर पडेपर्यंत ते खिडकीला चिकटून होते, मग हळूच म्हणाले, "हे काय, दोरीवर कपडे वाळत घातल्यासारखं?" चार लाइनींच्या दोन टोकांना दोन खांब, मध्ये आडव्या दोऱ्या ताणलेल्या आणि त्यांच्यावरच चारही लाइनींच्या तारा टांगलेल्या. हेडस्पॅन म्हणतात त्याला. ऐंशीच्या दशकात पैसे कमी होते, १९९१ पर्यंत एडिंबरा गाठायचं होतं, तर हे स्वस्त आणि झटपट. पण एका लाइनीवर पेंटो अडकून आडवी दोरी ओढली गेली की चारही लाइनी एकदम बंद. बाबा म्हणाले आमच्याकडे लोखंडी पोर्टल असतो, कमानीसारखा, एकीचं काही झालं तर शेजारणीला झळ नाही. मग वाऱ्याची हकिकत सांगितली मी, की वादळात लोकांच्या बागेतल्या ट्रँपोलिन उडून तारांवर येतात, आणि वाढदिवसाचे ते चमकणारे हेलियमचे फुगे, त्यांना धातूचा पत्रा असतो, ते तारेला चिकटले की धडाम. नेटवर्क रेल, म्हणजे इथले रूळ आणि तारा सांभाळणारी कंपनी, फुगे धरून ठेवा म्हणून लोकांना विनवत असते, वर्षाला शेकडो वेळा होतं. बाबांना पतंगाचा मांजा माहीत होता. फुगा नवीन.

उन्हाळ्यात अजून वेगळं. लंडनच्याच लिव्हरपूल स्ट्रीट स्टेशनकडच्या जुन्या लाइनींवर तारा दोन्ही टोकांना पक्क्या बांधलेल्या होत्या, ताण सांभाळायला वजनं नाहीत, त्यामुळे तीस डिग्री झालं की तार लोंबायची आणि गाड्या हळू. तीस डिग्री! आमच्या डोंबिवलीत त्याला जानेवारी म्हणतात. बरीच वर्षं खपून ती तार बदलली. त्या लाइनीची तर कुंडलीच विचित्र, १९४९ मध्ये शेनफील्डपर्यंत १५०० व्होल्ट डीसी टाकलं, आपल्या मुंबईसारखंच, मग १९५६ मध्ये देशाने ठरवलं की यापुढे २५ हजार एसी, म्हणून दहा-अकरा वर्षांतच ते काढून एसी केलं, तेही पुलांखाली जागा कमी म्हणून आधी सव्वासहा हजार व्होल्टवर आणि मग काही वर्षांनी पुन्हा बदलून पंचवीस. म्हणजे एकाच लाइनीचं तीनदा लग्न. मुंबईत आपण १५०० वर ९१ वर्षं काढली, शेवटची डीसी लोकल हार्बरवर २०१६ च्या एप्रिलमध्ये धावली, पण बदललं ते सगळंच. बाबा रिटायर होऊन सहा वर्षं झाली होती तरी रात्रीचे कुर्ल्याला जाऊन बघून आले.

इथे ते होत नाही, आणि मला या देशाच्या रेल्वेबद्दल जे काही कळलंय ते एवढंच आहे. इथे कधीच काही पुरतं बदलत नाही आणि पुरतं टाकूनही देत नाहीत. अर्धं करतात, पैसे संपतात, मग त्या अर्ध्याला जोडून जगायची एक हुशार युक्ती काढतात आणि पुढची पन्नास वर्षं ती युक्ती सांभाळतात. युरोस्टार घ्या. ताशी तीनशेने धावणारी गाडी १९९४ पासून २००७ पर्यंत लंडनमध्ये वॉटर्लूला यायची, आणि २००३ पर्यंत केंटमधून तिच्यासाठी वेगळी लाइनच नव्हती, म्हणून तिलाही बूट घालावे लागले! फ्रान्समध्ये बाण, इकडे आली की लोकलच्या मागे रांगेत, शंभर मैलांच्या वर पळायची सोय नाही. किंवा पश्चिमेकडची ग्रेट वेस्टर्न लाइन. वीज टाकायचा खर्च वाढत वाढत २.८ अब्ज पौंडांवर गेला, त्यातली १.२ अब्जांची उडी एका वर्षात, २०१६ च्या सरकारी ऑडिटमध्येच आहे. मग २०१७ मध्ये कार्डिफच्या पुढे स्वान्सीपर्यंतचं काम रद्द. गाड्यांचं काय? गाड्यांना पोटाखाली डिझेल इंजिनं लावलेली, तार संपली की इंजिन चालू. दिवसभर स्वतःचा जनरेटर घेऊन हिंडायचं. सेव्हर्न नदीखालचा १८८६ चा बोगदा तर इतका पाझरतो की त्यात बसवलेल्या वरच्या सामानाला वापरात यायच्या आधीच गंज चढला, विजेवर गाड्या जायला २०२० उजाडलं. या देशातल्या साधारण ३८ टक्के मार्गांवरच वीज आहे अजून, आणि आपल्याकडे कोकण रेल्वेलाही २०२२ मध्ये लागली. हे मी बाबांना कधीकधी मुद्दाम सांगते. त्यांची झोप चांगली लागते.

आमच्या क्रॉयडनजवळचीच अक्फील्डची लाइन बघा ना, ती निम्म्यात डिझेल होते. पुढचा थोडाच तुकडा, तिसरा रूळ टाकला की झालं, पण उघडा रूळ माणसांना धोकादायक म्हणून नवीन टाकायला सुरक्षावाले परवानगी देताना हात आखडतात, आणि तेवढ्या तुकड्यासाठी वर तार कोण टाकणार. सुरक्षावाले चूक आहेत असं मी म्हणू शकत नाही, त्या रुळाने माणसं मेलीत. पण जो आहे तो तसाच उघडा राहणार आणि नवीन टाकायचा नाही हे तर्काला धरून नसलं तरी अगदी इथलं आहे. लिव्हरपूलला त्यावरही युक्ती काढली, हेडबोल्ट लेन नावाचं स्टेशन २०२३ मध्ये उघडलं, तिथवर तिसरा रूळ नेलाच नाही, गाडीलाच बॅटरी. शेवटचा तुकडा बॅटरीवर जायचा आणि परत यायचं. बाबांना ते फार आवडलं, "टॉर्च घेऊन शेवटच्या गल्लीत जातात तसं."

अजून एक खास सदर्न प्रकार म्हणजे गाडी फाटते. एकच गाडी लंडनहून निघते आणि वाटेत कुठेतरी दोन तुकडे होऊन वेगळ्या गावांना जाते. पर्लीला एक तुकडा केटरमला आणि दुसरा टॅटनम कॉर्नरला जायचा. अनाउन्समेंट होते, पुढचे चार डबे अमुक, मागचे चार तमुक, पण ती इतक्या सवयीच्या सुरात की नवख्या माणसाला ते गाणं वाटतं. आई आणि बाबा एकदा चढले तेव्हा गर्दी होती म्हणून बाबा पुढच्या दाराने आणि आई मागच्या. आई म्हणाली काय फरक पडतो, उतरताना भेटू. चूक माझी, मी त्यांना सांगायला विसरले होते. आईने पर्लीला खिडकीतून पाहिलं की बाबांची गाडी तिच्या गाडीला सोडून चाललीये. नंतर महिनाभर हेच, "मला टाकून गेले, अर्धी गाडी घेऊन."

दुसऱ्यांदा ते दोघं आले २०१९ च्या उन्हाळ्यात, आणि त्या वेळी मी बाबांसाठी ठरवून आयल ऑफ वाइट ठेवलं होतं. पोर्ट्समथहून बोट, राइडला धक्क्याच्या टोकावरच स्टेशन, खाली समुद्र. आणि त्या समुद्रावर लाकडी फळ्यांपलीकडे उभी होती लंडनच्या भुयारी रेल्वेची १९३८ सालची लाल गाडी. एक्क्याऐंशी वर्षांची. बेटावरचा राइडचा बोगदा इतका बुटका आहे की नेहमीची गाडी त्यात मावत नाही, म्हणून १९६७ मध्ये लाइनीला वीज दिली तेव्हापासून लंडनने टाकून दिलेल्या ट्यूबच्या गाड्या तिकडे नेऊन चालवतात. जमिनीखाली जन्म काढलेल्या गाड्या म्हातारपणी समुद्राची हवा खायला. गाडी सुटली, आणि खालून तो आवाज आला, सुरुवातीला खर्जात घुमणारा आणि मग चढत चढत जाणारा, मध्येच कॉम्प्रेसरची टकटक. बाबांनी डोळे मिटले. शँक्लिनपर्यंत वीसेक मिनिटं ते काहीही बोलले नाहीत, बाहेर इतकं छान हिरवंगार होतं, त्यांनी बघितलंही नाही. उतरल्यावर म्हणाले, "डीसी मोटर. जुन्या लोकलचा आवाज आहे हा." दीड वर्षाने, २०२१ च्या जानेवारीत, त्या गाड्या बंद झाल्या. जागी आलेल्या गाड्याही लंडनच्याच जुन्या, डिस्ट्रिक्ट लाइनच्या, नव्याने सजवलेल्या. म्हटलं ना, टाकत नाहीत काही.

त्याच मुक्कामात ९ ऑगस्ट आला. शुक्रवार, दुपारचे चार बावन्न. लंडनच्या उत्तरेला विजेच्या लाइनीवर वीज पडली आणि पाठोपाठ समुद्रातला एक पवनऊर्जेचा प्रकल्प आणि एक गॅसचं वीजकेंद्र असं दोन्ही ग्रिडमधून गळालं. विजेची फ्रीक्वेन्सी पन्नास हर्ट्झवरून ४८.८ वर आली. दहा लाखांहून जास्त घरा-दुकानांची वीज गेली, ती तासाभरात परतही आली. पण लंडनच्या नव्याकोऱ्या गाड्यांपैकी साठेक गाड्यांनी ती फ्रीक्वेन्सी बघितली आणि स्वतःला बंद करून घेतलं. त्यातल्या साधारण निम्म्या ड्रायव्हरने पुन्हा चालू केल्या, बाकीच्या होईनात, सॉफ्टवेअर असं होतं की टेक्निशियनने लॅपटॉप घेऊन प्रत्येक गाडीपाशी जायला हवं. शुक्रवार संध्याकाळ, किंग्ज क्रॉस बंद, आणि माणसं लॅपटॉप घेऊन रुळांतून चाललीयेत. आम्ही घरी टीव्हीसमोर होतो. बाबांनी मला तीनदा विचारलं, "वीज आली होती ना परत? तार शाबूत होती ना? मग गाडी का नाही निघाली?" म्हटलं गाडी रुसली बाबा. त्यांना ते अजिबात विनोदी वाटलं नाही. तुटलेली तार त्यांना समजते, तिच्याशी भांडता येतं. शाबूत तारेखाली शाबूत गाडी उभी राहते म्हणजे काय. (पुढच्या वर्षी १२ ऑक्टोबरला मुंबईची ग्रिड गेली, लोकल दोन तासांहून जास्त बंद, तेव्हा मी लगेच फोन केला. "लाइट आले आणि गाड्या निघाल्या," म्हणाले. ठेवला.)

परत जायच्या आदल्या दिवशी म्हटलं, काय बघायचं राहिलंय, खरेदी वगैरे? म्हणाले ते बूट काढून पेंटो चढवतात ती जागा.

ती जागा म्हणजे फॅरिंग्डन. दक्षिणेहून येणारी गाडी तिथवर तिसऱ्या रुळावर येते आणि तिथून उत्तरेला २५ हजार व्होल्टवर जाते. मधला स्नो हिल बोगदा प्रवाशांना १९१६ पासून बंद होता, १९८८ मध्ये उघडला आणि दोन्ही विजा खाणाऱ्या गाड्या त्यातून सोडल्या, तेव्हापासून दिवसाला शेकडो वेळा हे चालतं आणि शेजारी उभ्या कुणाला पत्ता नसतो. आम्ही लहान असताना नाशिकला जायचो तेव्हा इगतपुरीला डीसीचं इंजिन काढून एसीचं लावायचे, ते मात्र सगळ्या गाडीला कळायचं, कारण तेवढ्यात खाली उतरून वडे घेता यायचे. बाबा उतरायचे ते इंजिनापाशी जायला, आणि आई खिडकीतून ओरडायची की गाडी सुटेल.

फॅरिंग्डनला गाडी थांबली. आम्ही मुद्दाम पेंटोच्या डब्यात बसलो होतो, बाबांनी तो प्लॅटफॉर्मवर उभं राहूनच हेरला होता. एअरकंडिशनरची घरघर थांबली. शेजारचा मुलगा फोनमध्ये, समोरची बाई सँडविच खातेय. डब्यात एकदम ती शांतता जी एरवी ऐकूच येत नाही. मग छतावर, अगदी आमच्या डोक्यावर, एक बारीकसा ठक. घरघर पुन्हा सुरू. बाबांनी घड्याळ बघितलं, म्हणाले, "बास? एवढंच?" आणि लगेच, "चल, पुढचीचं बाहेरून बघू."

उतरून आम्ही प्लॅटफॉर्मच्या पार टोकाला गेलो, जिथे ड्रायव्हरची केबिन येते. तीन-चार मिनिटांत पुढची आली. ड्रायव्हर पन्नाशीचा, चष्मा, फ्लास्क बाजूला. त्याला काचेतून एक स्वेटर घातलेला म्हातारा आपल्याकडे टक लावून बघताना दिसला. बाबांना इंग्रजी येतं पण त्या क्षणी सुचलं नसावं. त्यांनी उजवा हात कोपरात दुमडला, पंजा आडवा केला आणि सावकाश वर उचलला, टॉवर वॅगनवरून खालच्या माणसाला खूण करतात तशी, पेंटो वर. त्याने एक सेकंद बघितलं. मग समोरच्या पॅनलवर काहीतरी दाबलं, आणि तोच हात तसाच दुमडून, पंजा आडवा, वर नेला.

गाडी निघून गेली. मी म्हटलं चला, आई वाट बघत असेल. "थांब," म्हणाले, "अजून एक."